फोर्थ ब्रिज पाण्यावरून पाहिलाय?

एडिनबरोला गेलात तर हा रेल्वेपूल गाडीतून नाही, बोटीतून बघा. १८९० साली सुरू झालेला, पूर्ण पोलादी. मधले दोन मोठे गाळे प्रत्येकी ५२१ मीटरचे! आम्ही चौघांनी साउथ क्वीन्सफेरीहून छोटी बोट ठरवली. पुलाखाली इंजिन बंद केलं आणि वरून गाडी धडधडत गेली, तो आवाज छातीत जाणवला. लाल नळ्यांवर रिव्हेटच रिव्हेट, सगळ्या पुलात मिळून सुमारे ६५ लाख. पुढे बोयावर सील ऊन खात पसरलेले. इंचकोम बेटाजवळ रंगीत चोचीचे पफिन भेटले. ते ऑगस्टपर्यंत खोल समुद्रात निघून जातात, म्हणून मे-जूनमध्येच जा. आणि स्वेटर न्या, वारा फार बोचतो.