भांडं अर्धंच भरायचं

लेखमाला : वर्दीआडची कामं – लेखांक ७

आमच्या शेजारच्या काकांनी पंधरा वर्षं नौदलात स्वयंपाकी म्हणून काढली. निवृत्तीला बराच काळ लोटला, पण घरी वरण करायला घेतलं की आजही ते पातेलं निम्म्याच्या वर भरत नाहीत. काकू वैतागतात. खाणारी माणसं चार, पातेलं आठजणांचं आणि वरण तळाशी. पानं घेताना टेबलावर ओलं फडकं अंथरायची त्यांची दुसरी खोड. घरात नव्यानं येणाऱ्याला काही सांडलं की काय असं वाटतं. ओल्या फडक्यावरून ताट घसरत नाही, एवढंच कारण. आता टेबल हलत नाही, हे काकांच्या हातांना अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आपण सिग्नलवाल्यांकडे पाहिलं. या आठवड्यात त्यांच्याच जहाजावर, पण खाली, घामट भागात जाऊ. जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. नौदलात मराठी माणूसही ‘गॅली’च म्हणतो, मुदपाकखाना कोणी म्हणत नाही. तिथे उघडी ज्योत नसते. शेगड्या विजेच्या, मोठी पातेली जागेवर पक्की बसवलेली. शेगडीभोवती लोखंडी कठडे असतात, म्हणजे जहाज कलंडलं तरी भांडं शेगडी सोडत नाही. भांडं राहतं, पण आतलं वरण राहतंच असं नाही, म्हणून ते अर्धंच भरायचं.

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एकदा या कुशीवरून त्या कुशीवर, आणि एकदा नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली. पावसाळ्यात अरबी समुद्रात दोन्ही एकदम चालतं. अशा वेळी तळणीची कढई बंद, कारण उकळतं तेल अंगावर येणं हा गॅलीतला सगळ्यात वाईट अपघात. मग खिचडी, उकडलेली अंडी, सुकी बटाट्याची भाजी. अर्धं जहाज ओकत असतं, त्याला तर खिचडीचा वासही नको असतो. स्वयंपाक्यालाही समुद्र लागतो. काका सांगतात, पहिल्या वर्षी ते एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं डाव धरायचे, पायाशी बादली ठेवलेली असायची. तरी दहा वाजताचा चहा चुकला नाही. चहा चुकला तर नौसैनिक वादळालाही माफ करतात, स्वयंपाक्याला नाही.

बंदर सोडल्यावर भाज्यांचंही एक पंचांग सुरू होतं. पालेभाजी दोन-तीन दिवसांत संपवायची, मग टोमॅटो, मग फ्लॉवर. कोबी, गाजर पुढे बरेच दिवस साथ देतात. लाल भोपळा आणि कांदे-बटाटे शेवटपर्यंत. त्यानंतर डबाबंद माल आणि कडधान्यं. म्हणजे जेवणाच्या ताटावरून जहाज किती दिवस समुद्रात आहे हे ओळखता येतं. मोठ्या मोहिमेत इंधन आणि सामान देणारी जहाजं समुद्रातच गाठ घेतात. दोन जहाजं शेजारी-शेजारी एकाच वेगानं चालत राहतात आणि मधल्या दोरावरून सामान इकडून तिकडे येतं. असा ताज्या भाजीचा जाळीबंद गठ्ठा डेकवर उतरतो तेव्हा तो पाहायला जमणारी गर्दी, काका म्हणतात, पगाराच्या दिवशीही नसते.

जहाज लहान असो की मोठं, दिवस बहुतेक चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो. मध्यरात्री बारा ते चारची पाळी करून उतरणाऱ्यालाही पोटात काही लागतं आणि पहाटे चारला चढणाऱ्यालाही. त्यामुळे गॅली कधी पुरती झोपत नाही. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर सुमारे १,६०० माणसांचा राबता आहे. तिथे चपात्या यंत्रावर होतात. उलट कलवरी वर्गाची पाणबुडी जेमतेम ६७ मीटर लांब, आत चाळीसेक माणसं, आणि गॅली आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघराहून लहान. पाण्याखाली असताना फोडणीचा ठसका जाणार कुठे? हवा तीच, सगळ्यांची. एकानं मोहरी-मिरची तडतडवली की चाळीसजण खोकणार. तिथला स्वयंपाकी चव फोडणीवाचून आणायला शिकतो. ही कला जमिनीवर कोणी मनावर घेत नाही, हा भाग वेगळा.

आणि गॅली हे स्वयंपाक्याचं एकच काम नसतं. लढाईची घंटा झाली की शेगड्या बंद होतात आणि स्वयंपाकी दुसऱ्या जागी धावतो. कोणी आग विझवणाऱ्या तुकडीत, कोणी जखमींना उचलणाऱ्यांत, कोणी दारूगोळा वर पोचवणाऱ्यांत. जेवण मग एका हातात धरून उभ्याउभ्या खाता येईल असं, ज्याच्या त्याच्या जागेवर पोचवायचं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा डोरी मिलर हा वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर मेस अटेंडंट होता. कपडे धुवायला गोळा करत होता. त्याने जखमींना हलवलं, आणि मग जी विमानभेदी तोफ चालवायचं शिक्षण त्याला कधी दिलंच नव्हतं ती हातात घेऊन चालवली. पुढच्या मे महिन्यात अ‍ॅडमिरल निमिट्झनी त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस लावला. शिक्षण का दिलं नव्हतं? तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळच्या अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीयांना बहुतेक करून मेसमधलीच कामं मिळत. १९४३ मध्ये दुसऱ्या एका जहाजाबरोबर तो बुडाला. तेव्हा त्याच्या नावापुढे ‘जहाजाचा स्वयंपाकी’ असा हुद्दा होता.

जमिनीवरची नेमणूक म्हणजे सुट्टी, असा आपला समज. नौदलाची गंमत अशी की जमिनीवरच्या तळांनाही जहाजांसारखीच नावं असतात. मालाडजवळ मार्वेला आयएनएस हमला आहे. नौदलाच्या पुरवठा शाखेचं शिक्षण तिथे होतं. हे ‘जहाज’ तसूभरही हलत नाही, तरी फाटकाबाहेर जायचं तर ‘किनाऱ्यावर’ जायला परवानगी लागते. इथे पातेलं पूर्ण भरता येतं. अडचण वेगळी असते, आज जेवायला नेमके किती? समुद्रात माणूस पळून जाणार कुठे? आकडा ठरलेला. किनाऱ्यावर निम्मे संध्याकाळी बाहेर जाऊन वडापाव खाऊन येतात आणि शिजवलेलं उरतं. उरलं तरी हिशेब द्यावा लागतो, कमी पडलं तरी.

लष्करात स्वयंपाकघराला ‘लंगर’ म्हणतात. सियाचिनवरच्या उंच चौक्यांवर पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. डाळ प्रेशर कुकरवाचून शिजतच नाही, अंडी गोठून दगड होतात. तिथल्या स्वयंपाक्यावर वेगळा लेखांक लिहावा लागेल, तो पुढे कधीतरी.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. फौजेतला स्वयंपाकी शिजवतो, ठरवत काही नाही. माणशी किती ग्रॅम पीठ, किती डाळ, किती तेल हे रेशनच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. माल कोणाकडून यायचा हे निविदा ठरवते, तो बरा की वाईट हे तपासणारा तिसराच. शिव्या मात्र डाव ज्याच्या हातात त्याला.

जपानी नौदलाचं उदाहरण घ्या. १८८२ साली निघालेल्या त्यांच्या एका प्रशिक्षण जहाजावर ३७६ माणसं होती. न्यूझीलंड, पेरू, हवाई करून परत येईपर्यंत १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ मेले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी शोध घेतला. खलाशांना तांदूळ मिळत होता, बाकीच्या जिनसांसाठी रोख पैसे. गरीब घरची पोरं ते पैसे वाचवून घरी धाडत आणि नुसता पांढरा भात खात. यात स्वयंपाक्याची चूक कुठली? १८८४ मध्ये ताकाकींनी दुसरं जहाज त्याच वाटेनं पाठवलं, पण ताटात मांस, मासे, जव, कडधान्यं घालून. बेरीबेरीनं एकही मेला नाही. खरं कारण बी-१ जीवनसत्त्वाची उणीव हे नंतर उमगलं. ताकाकींचा अंदाज प्रथिनांचा होता, तो चुकीचा, उपाय मात्र बरोबर निघाला. त्याच वाटेनं पुढे ब्रिटिशांकडून शिकलेली ‘करी’ जपानी नौदलात शिरली. आज त्यांच्या जहाजांवर शुक्रवारी करी-भात असतो. लांब समुद्रात वार हरवतात, करी आली की शुक्रवार. आपल्याकडून इंग्रजांकडे, तिथून जपानला, असा हा प्रवास.

आणि मुंबई. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेत खलाशांनी सकाळचा नाश्ता नाकारला. वरणात खडे, निकृष्ट अन्न, त्यावर गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ. ‘अन्न नाही तर काम नाही’ असं म्हणत सुरू झालेला तो संप चार-पाच दिवसांत सुमारे ७८ जहाजं आणि २० हजार खलाशांपर्यंत गेला. पोटापेक्षा अपमान मोठा होता, आझाद हिंद सेनेवरचे खटले डोक्यात होते, हे खरंच. पण ठिणगी ताटात पडली. त्याच्या चार दशकं आधी, १९०५ साली, रशियाच्या पोटेमकिन जहाजावरही किडे पडलेल्या मांसावरूनच बंड पेटलं होतं. ते मांस खाण्याजोगं आहे असं सांगितलं होतं जहाजाच्या डॉक्टरांनी, आचाऱ्यानं नव्हे.

‘तलवार’चा उठाव चालू असताना जहाजांवर अन्न संपत आलं. तेव्हा मुंबईकर पाव, फळं, शिजवलेलं अन्न घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशी जमले आणि जहाजांच्या छोट्या बोटी ते भरून घेऊन गेल्या. त्या दिवसांत नौदलाचा भटारखाना शहरानंच चालवला.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ‘‘खडे निवडायला माणसं किती होती तिथे?’’ आणि मग गॅसवरचं पातेलं एक बोटभर आत सरकवलं.

पुढच्या आठवड्यात : दीपगृहाचा रखवालदार.