ऊब देणारे आसन : त्याचे दोष व त्यांची दुरुस्ती

उत्तर स्वीडनमधील किरुनासारख्या गावी जानेवारीत रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली मोटार सकाळी शून्याखाली वीस अंश सेल्सिअस इतकी थंड असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा गाडीत बसणाऱ्याला पहिला त्रास होतो तो हवेचा नव्हे, आसनाचा. हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. परंतु गारठलेली गादी शरीराला थेट भिडते आणि त्यातील उष्णता शोषून घेऊ लागते. गाडीतील हवा तापविणारी योजना एंजिनाच्या पाण्यापासून उष्णता घेते. ते पाणीच अगोदर थंड असल्यामुळे पहिली काही मिनिटे तिचा उपयोग होत नाही. आसनाच्या आवरणाखाली बसविलेली विजेची तार मात्र कळ दाबताच तापू लागते.

या कल्पनेचे एकस्व अमेरिकेतील जनरल मोटर्सचे रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९५१ मध्ये मागितले व ते १९५५ मध्ये मिळाले. १९६६ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत अशी आसने जादा पैसे देऊन मिळू लागली. साब या स्वीडिश कंपनीने १९७०–८० या दशकाच्या आरंभी चालकाचे तापणारे आसन हा गाडीचा नेहमीचाच भाग करून टाकला. आज विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या साध्या तारेला नवे महत्त्व आले आहे. त्या गाड्यांत एंजिनाची फुकट उष्णता नसते. आतली सर्व हवा तापविण्यास कित्येक हजार वॅट लागतात, तर एका आसनाचे काम बहुधा शंभर वॅटांच्या आतबाहेर भागते.

आसनातील रचना फारशी गूढ नाही. फोमची गादी आणि वरचे आवरण यांच्यामध्ये एक पातळ चटई असते व तिच्यावर रोधक तार नागमोडी वळणांनी शिवलेली किंवा चिकटविलेली असते. बैठकीत एक चटई व पाठीत दुसरी. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज, रिले व कळ यांमधून आसनाखालच्या जोडप्लगात येतो, तेथून तारेत शिरतो आणि शेवटी गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही चटया एकसरीत जोडलेल्या असतात. त्यामुळे बैठकीची तार तुटली की पाठही थंड पडते. चटया समांतर जोडलेल्या असतील तर एक तापते व दुसरी तापत नाही. केवळ हाताने चाचपून मिळणारी ही माहिती निदानाच्या दृष्टीने फार मोलाची असते.

उदाहरणादाखल दोन्ही चटयांचा मिळून रोध दोन ओहम धरू. बारा व्होल्टांच्या दाबाखाली तीतून सहा अँपिअर प्रवाह वाहील व ७२ वॅट उष्णता निर्माण होईल. एंजिन चालू असता दाब चौदा व्होल्टांच्या आसपास जातो. मग प्रवाह सात अँपिअर व उष्णता ९८ वॅट. ही आकडेमोड ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व परीक्षा तिच्याच आधारे करावयाची आहे.

आसन तापेनासे झाले की नवी चटई मागवावयाची, अशी अनेक कारागिरांची पद्धत असते. ती खर्चाची तर आहेच, शिवाय अनेकदा निष्फळही ठरते. कारण दोष चटईत नसून वाटेत असतो. म्हणून प्रवाहाच्या मार्गाने क्रमाक्रमाने चालत जावे. प्रथम फ्यूज पाहावा. तो उडालेला असेल तर त्याच क्षमतेचा दुसरा घालावा. तोही उडाला, तर कोठेतरी तार सांगाड्याला टेकली आहे असे समजावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे फ्यूजऐवजी गादी जाळण्याची तयारी करणे होय. फ्यूज शाबूत असेल तर आसनाखालच्या प्लगाकडे वळावे. आसन मागेपुढे सरकविताना तेथील तारा ताणल्या जातात. बुटांबरोबर आत आलेला बर्फ वितळतो, आणि थंड देशांत रस्त्यावर टाकलेले मीठ त्या पाण्याबरोबर प्लगात शिरून धातूला गंज चढवते.

येथे व्होल्टमापक हातात धरणाऱ्याची एक फसगत होते. गंजलेल्या टोकांमध्ये एक ओहम रोध उत्पन्न झाला आहे असे समजा. प्लग सोडवून दाब मोजला तर मापक पूर्ण बारा व्होल्ट दाखवील, कारण त्या वेळी प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्लग जोडताच मात्र एकूण रोध तीन ओहम होतो, प्रवाह चार अँपिअरांवर उतरतो, आणि आसनाला ७२ ऐवजी केवळ ३२ वॅट मिळतात. उरलेले १६ वॅट त्या एवढ्याशा प्लगात खर्च होऊन त्याचे प्लास्टिक वितळू लागते. म्हणून दाब नेहमी प्लग जोडलेला असताना व आसन चालू असताना मोजावा.

मात्र आसनाखाली हात घालण्यापूर्वी एक सूचना कटाक्षाने पाळावी. आधुनिक गाड्यांत तेथेच बाजूच्या एअरबॅगच्या तारा असतात. त्यांचे प्लग बहुधा पिवळे असतात. कोणताही प्लग सोडविण्याआधी बॅटरीची तार काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ थांबावे. पिवळ्या प्लगांना मापकाची टोके कधीही लावू नयेत, कारण मापकाचा अल्प प्रवाहदेखील एअरबॅग उडवू शकण्याचा धोका असतो. प्रवाशाच्या आसनात कोणी बसले आहे किंवा नाही हे ओळखणारे साधनही गादीतच असते. ते आसन तज्ज्ञाकडे सोपविणेच शहाणपणाचे.

मार्ग निर्दोष आढळला तर चटईचा रोध मोजावा. काही ओहम आले तर तार अखंड आहे. अनंत आला तर ती तुटली आहे. पण हा निर्णय देण्याची घाई करू नये. जुन्या आसनांत चटईबरोबरच द्विधातूच्या पट्टीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापनियंत्रक, एकसरीत बसविलेला असतो. गादी गरम झाली की त्याची पट्टी वाकते व मंडल तुटते. गादी थंड झाली की ते पुन्हा जुळते. आता हीच परीक्षा कोणी उन्हाळ्यात, तापलेल्या कार्यशाळेत केली तर? नियंत्रक आपले काम चोख बजावीत असल्यामुळेच मंडल तुटलेले दिसेल, आणि धडधाकट चटई मृत म्हणून फेकली जाईल. नागपूरच्या वैशाखात तर एकही आसन या परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही! उपाय सोपा आहे. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून ती नियंत्रकाच्या जागी दहा मिनिटे ठेवावी व मग रोध मोजावा. नव्या गाड्यांत पट्टीऐवजी थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो आणि तो पाहून विद्युत्‌नियंत्रक प्रवाह कमीजास्त करतो. त्यावर बर्फाची पिशवी ठेवता रोध वाढला नाही, तर दोष तेथे आहे.

तार खरोखरच तुटली असेल तर ती बहुधा बैठकीच्या बाहेरील कडेला, जेथे चालक चढता-उतरताना अंग घासतो तेथे, किंवा बैठक व पाठ यांच्या सांध्यात तुटते. मागच्या आसनावरील वस्तू घेण्यासाठी गादीवर गुडघा टेकणे हेही तिला घातक ठरते. आवरण ज्या लोखंडी कड्यांनी ताणलेले असते त्या कापून ते उलटावे. काळा डाग किंवा करपलेला फोम दिसला तर शोध तेथेच संपतो. तसे न दिसल्यास चटईला बारा व्होल्ट जोडावे, मापकाचे ऋण टोक सांगाड्याला लावावे आणि धन टोकाला बांधलेली बारीक सुई तारेच्या आवरणातून ठिकठिकाणी टोचत जावे. तुटलेल्या तारेतून प्रवाह वाहत नसल्याने तुटीपर्यंत सर्वत्र पूर्ण बारा व्होल्ट दिसतील. तूट ओलांडताच मापक शून्यावर येईल.

दोन टोके जोडताना डाख देण्याचा मोह होतो. परंतु निकेल-क्रोमियमच्या तारेवर डाख नीट धरत नाही, आणि धरला तरी तेथे एक ताठर गाठ बनून तिच्या शेजारीच तार पुन्हा मोडते. टोके स्वच्छ घासून, एकमेकांवर चढवून लहान पितळी नळीत घट्ट दाबावीत हे बरे. कार्बन तंतूंची चटई मात्र बदलावीच.

सांधा सैल राहिला तर काय होते, याचा हिशोब करून पाहण्याजोगा आहे. सांध्याचा रोध केवळ ०.२ ओहम असला तरी सहा अँपिअर प्रवाहाला तेथे सात वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होते. आसनाचे ७२ वॅट सबंध गादीभर पसरलेले असतात. हे सात वॅट ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागी एकवटतात. तारेतील काही धागे तुटून थोडेच उरले असतील तेथेही हेच घडते. तापनियंत्रक स्वतः जेथे असतो तेथलेच तापमान जाणतो. वीतभर अंतरावर फोम करपत असला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणूनच मुळीच न तापणारे आसन केवळ गैरसोयीचे, पण एकाच ठिकाणी तापणारे आसन धोक्याचे असते, व ते त्याच क्षणी बंद करावे.

त्वचा किती उष्णता सोसते याचा अभ्यास मॉरित्झ व हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. ४४ अंशांवर त्वचेला इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे काही अंशांपर्यंत दर अंशाला हा काळ साधारण निम्मा होत जातो, आणि ६० अंशांवर तो केवळ पाच सेकंद उरतो. निरोगी मनुष्य चटका बसताच उठेल. परंतु पाठीच्या कण्याच्या दुखापतीने किंवा मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चटका कळतच नाही, आणि अशा व्यक्ती तापलेल्या आसनावर खोलवर भाजल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. २०११ मध्ये अमेरिकेतील वाहन-सुरक्षेचे पुरस्कर्ते व भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर यांनी आसनांच्या कमाल तापमानावर मर्यादा घालण्याची मागणी सरकारकडे केली होती. सौम्य उष्णताही दीर्घकाळ एकाच जागी लागल्यास त्वचेवर जाळीदार तांबूस डाग उमटतात. काश्मिरात फेरनाखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या अंगावर असे डाग डॉक्टरांच्या परिचयाचे आहेत. तापणाऱ्या आसनांमुळेही ते आढळले आहेत.

दुरुस्तीनंतर आवरण चढविण्यापूर्वीच आसन अर्धा तास चालू ठेवावे. प्रवाह मोजून तो अपेक्षेइतका आहे हे पाहावे, आणि चटईवर घोंगडी पसरून दर पाच मिनिटांनी तळहात सर्वत्र फिरवावा. संधी असेल तर तापमापकाने, विशेषतः सांध्यावर, नोंदी घ्याव्यात. तापनियंत्रकाने प्रवाह एकदा तोडून पुन्हा जोडलेला दिसला व सांध्याचे तापमान शेजारच्या तारेपेक्षा वेगळे आढळले नाही, म्हणजे नव्या कड्या घालून आवरण बसविण्यास हरकत नाही.