चंद्रग्रहणाचे वेध आणि छायेची धूसर कड

चंद्रग्रहण ही नुसत्या डोळ्यांनी निर्धास्तपणे पाहता येण्याजोगी घटना होय. परंतु पाहणे आणि वेध घेणे यांत अंतर आहे. वेध घेणाऱ्यास नेमका क्षण नोंदवावयाचा असतो, आणि चंद्रग्रहणात तीच गोष्ट दुर्घट ठरते. ही अडचण कोठून उद्भवते व तिचा परिहार कितपत होऊ शकतो, याचा विचार येथे केला आहे.

सूर्य बिंदुरूप नसल्यामुळे पृथ्वीच्या गडद छायेभोवती, म्हणजे प्रच्छायेभोवती, उपच्छायेचे वलय असते. उपच्छायेतून प्रच्छायेकडे जाताना प्रकाश क्रमाक्रमाने क्षीण होतो. त्यात पृथ्वीच्या वातावरणाचीही भर पडते. परिणामी छायेची कड धूसर दिसते आणि केवळ भूमितीवरून येते त्यापेक्षा छाया सुमारे २ टक्क्यांनी मोठी भासते. छायेचा ‘स्पर्श’ नेमका केव्हा झाला याविषयी शेजारी उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांचेही एकमत होत नाही, याचे कारण हेच.

उदाहरणार्थ, ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण घेऊ. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे त्याचा स्पर्श रात्री ९.५७, संमीलन ११.०१, उन्मीलन १२.२३ आणि मोक्ष १.२६ वाजता होता. एखाद्या निरीक्षकास छायेची कड वास्तविकाहून किंचित बाहेर भासते असे मानू. त्याला स्पर्श एक मिनिट आधी, ९.५६ ला दिसेल. परंतु त्याच दोषामुळे मोक्ष एक मिनिट उशिरा, १.२७ ला दिसेल. दोहोंची सरासरी मात्र ११ वाजून ४१ मिनिटे ३० सेकंद हीच राहते. ग्रहणमध्याच्या काळातून हा दोष अशा रीतीने निघून जातो. ग्रहणाच्या एकूण कालावधीत तो दुप्पट होऊन उतरतो. म्हणून काळ हवा असेल तर दोन्ही वेधांची सरासरी घ्यावी. वजाबाकीवरून छायेचा आकार ठरवावयाचा असेल, तर कड ठरविण्याची रीत सर्व निरीक्षकांनी आधी एकच करून घ्यावी.

दुर्बिणीने या कामी निराळे साहाय्य होते. चंद्र पूर्वेकडे सरकत छायेत शिरतो, म्हणून त्याची पूर्वेकडील कड प्रथम झाकली जाते. मग ॲरिस्टार्कस, प्लेटो, कोपर्निकस, टायको इत्यादी विवरे एकामागून एक छायेत जातात. छायेची कड विवराच्या अलीकडील व पलीकडील काठावर येण्याचे क्षण नोंदवून त्यांचे मध्यमान घ्यावे. अशी सोळा विवरे साधली तर यादृच्छिक चूक एक चतुर्थांशावर येते. शक्ती मात्र कमीच ठेवावी. वर्धन वाढविले की कड अधिकच पसरट दिसते.

या वेधांना या प्रदेशात जुनी परंपरा आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाकडे गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याचे शके ११२८ च्या शिलालेखावरून कळते. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी घडते. म्हणून स्थानिक वेळेतील फरक हाच देशांतराचा फरक, हे तत्त्व सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. गणिताने आलेल्या वेळेनंतर ग्रहण दिसले, तर ते स्थळ उज्जयिनीच्या मध्यरेषेच्या पूर्वेस समजावे. आधी दिसले, तर पश्चिमेस.

छत्रपती संभाजीनगरास हा नियम लावला असता तो किती सूक्ष्म आहे याची कसोटीच लागते. नगराचे रेखांश सुमारे ७५° २०′, तर उज्जैनचे सुमारे ७५° ४६′. म्हणजे फरक अवघा पावणेदोन मिनिटांचा. एका मिनिटाची चूक या अक्षांशावर सुमारे २६ किलोमीटरांची चूक होते. एकट्या स्पर्शाच्या वेधावर विसंबणाऱ्यास आपले नगर मध्यरेषेच्या पूर्वेस की पश्चिमेस हे खात्रीने सांगता येणार नाही. स्पर्श व मोक्ष दोन्ही साधणाऱ्यास ते सांगता येण्याचा पुष्कळ संभव आहे.

आज देशांतरासाठी ग्रहणाची गरज उरलेली नाही. तथापि खग्रास अवस्थेतील चंद्राच्या वर्णाची नोंद अजूनही मोलाची आहे. त्या वेळी चंद्रावर पोचणारा तांबूस प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वक्रीभवन पावून आलेला असतो. वातावरणाच्या वरच्या थरांत धूळ साचली की तो मंदावतो. १८८३ च्या क्राकाटोआच्या उद्रेकानंतर १८८४ चे आणि १९६३ मध्ये बाली बेटावरील आगुंगच्या उद्रेकानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरातील ग्रहण विलक्षण काळोखे होते. फ्रेंच ज्योतिर्विद दांजाँ यांच्या मापनश्रेणीत ० म्हणजे जवळजवळ अदृश्य आणि ४ म्हणजे तेजस्वी ताम्रवर्ण चंद्र. ही प्रत नुसत्या डोळ्यांनीही ठरविता येते, हे विशेष.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीचे खग्रास ग्रहण भारतातून दिसणार असून त्याचा मध्य सुमारे १०.२२ वाजता आहे. त्या रात्री घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवून स्पर्श व मोक्ष दोन्ही नोंदवावेत आणि ग्रहणमध्याच्या सुमारास वर्णाची प्रत लिहावी. एकच टोक नोंदविलेला वेध कितीही काळजीपूर्वक घेतला, तरी निरीक्षकाच्या डोळ्याचा दोष त्यातून वेगळा काढता येत नाही.