चांगला पिसलेला कॅट

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आले की पत्त्यांचे एक उदाहरण ठरलेले असते. चांगल्या पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तो बदामचा असण्याची संभाव्यता किती? तेराला बावन्नने भागायचे, उत्तर १/४. मुले ते पटकन सोडवतात आणि पुढच्या फाशांच्या उदाहरणाकडे वळतात. पण कॅट चांगला पिसलेला आहे याचा अर्थ, पत्ते ज्या ज्या क्रमाने लागू शकतात ते सगळे क्रम सारखेच शक्य आहेत. ते क्रम किती, हे मुलांना विचारायलाच हवे.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे आलटून पालटून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असे उदाहरण आहे. दहापासून एकपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार केला की उत्तर येते ३६,२८,८००. दर सेकंदाला एक प्रकार मांडत गेलात तर बरोबर ४२ दिवस लागतील, एक सेकंदही कमीजास्त नाही. हात आणि आयुधे फक्त चारने वाढवा, म्हणजे चौदा करा. आता त्याच वेगाने २,७०० वर्षांहून जास्त काळ लागेल!

बावन्नचा हाच गुणाकार ६८ अंकी येतो. ‘लीलावती’तल्या संख्यास्थानांच्या यादीत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणा, पुन्हा परार्धाने, पुन्हा परार्धाने. येणाऱ्या संख्येचे साधारण चार पंचमांश घेतले की एका कॅटचे सगळे क्रम होतात. विश्वाचे वय, १,३८० कोटी वर्षे, सेकंदांत मोजले तर चार परार्धांच्या थोडे वर जाते. आज पृथ्वीवर असलेल्या ८०० कोटी माणसांनी विश्वाच्या आरंभापासून दर सेकंदाला प्रत्येकी एक नवा क्रम लावला असता, तरी एकूण कामाचे एकावर चाळीस शून्ये इतके वाटे केल्यावर त्यातला एक वाटासुद्धा पुरा झाला नसता. म्हणून नीट पिसून हातात घेतलेला कॅट ज्या क्रमाने लागला आहे, तो क्रम याआधी जगात कुणाच्याही हातात आला नसणार, असे मी बेधडक म्हणेन.

आणि तरीही उत्तर १/४! बदामचा पत्ता वर असलेले क्रम मोजा. वरच्या जागेसाठी १३ पर्याय, उरलेल्या ५१ पत्त्यांसाठी ५१ पासूनचा सगळा गुणाकार. छेदात ५२ गुणिले तोच गुणाकार. तो ६७ अंकी राक्षस वर-खाली कटतो आणि १३/५२ उरते. फळ्यावर हे एकदा संपूर्ण मांडून दाखवले पाहिजे. वर्गातली सगळ्यात मोठी संख्या डोळ्यांसमोर नाहीशी होताना मुलांनी पाहावी.

पण कॅट चांगला पिसला हे म्हणायचे कधी? डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये याचा हिशेब मांडला. कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकांत सोडत पिसला, तर साधारण सात वेळा पिसावा लागतो. पाच वेळा का पुरत नाही हे शाळकरी मुलालाही पटवता येते. पत्त्यांना १ ते ५२ क्रमांक द्या. एकदा पिसल्यावर चढत्या क्रमाच्या फार तर दोन साखळ्या एकमेकांत मिसळलेल्या असतात, दुसऱ्यांदा चार, पाचव्यांदा बत्तीस. आता ५२ पासून १ पर्यंत उलटा लागलेला कॅट घ्या. त्यात प्रत्येक पत्ता स्वतःच एक साखळी, म्हणजे बावन्न साखळ्या. पाच वेळा पिसून तो क्रम लागणे अशक्यच. सहाव्यांदा ६४ पर्यंत मजल जाते, तेव्हा कुठे प्रत्येक क्रम आवाक्यात येतो. आपल्याकडे बहुतेक घरांत एका हातातून दुसऱ्या हातात गठ्ठे टाकत पिसतात. त्या पद्धतीने इतकी सरमिसळ व्हायला हजारो वेळा पिसावे लागेल.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. त्यांच्या क्रमांची संख्या १९९ अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातले अणू सुमारे एकावर ऐंशी शून्ये इतकेच मानतात. गंजिफ्याचे पत्ते गोल, ते कडा जुळवून असे पिसणे अवघड. पण हिशेबापुरते धरले, तर इथे प्रत्येक क्रम आवाक्यात यायला १२० साखळ्या हव्यात. सातव्यांदा पिसल्यावर १२८ होऊ शकतात. क्रमांच्या संख्येचे अंक ६८ वरून १९९ झाले, आणि पिसणे वाढले फक्त एकदा.