ओळखीतली गुंतवणूक

‘जालना सोने का पालना’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बियाणे, सरकी आणि लोखंड यांच्या व्यापाराने या गावात पैसा खेळला. आणि शिल्लक पडलेला पैसा ठेवावा कोठे, हा प्रश्न डॉक्टर, वकील, प्राध्यापक, आडते अशा सगळ्यांनाच पडतो. त्याचे उत्तर हल्ली पुष्कळदा एखाद्या व्यावसायिक संघटनेच्या स्नेहभोजनात मिळते. ‘आपल्याच मंडळींची पेढी आहे, बाहेरच्याला घेत नाहीत, महिना ३ टक्के देतात.’ कागद मागितला की सांगणारा जरा दुखावतो. अशा बंद दाराआडच्या पेढीची पारख कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

‘दोन वर्षांत एकही हप्ता चुकला नाही’ हा पुरावा पहिल्यांदा पुढे केला जातो. तो पुरावा आहे काय? समजा, १०० सभासदांनी प्रत्येकी ५ लाख दिले. जमा ५ कोटी. महिना ३ टक्के म्हणजे १५ लाख वाटायचे. चालकाने कसलाही धंदा न करता सभासदांचेच पैसे सभासदांना परत दिले, तरी ३३ महिने हप्ता चुकत नाही! नवे सभासद येत राहिले तर मुदत आणखी लांबते. वेळेवर मिळणाऱ्या हप्त्यावरून पेटीत पैसा आहे एवढेच कळते. तो कोठून आला ते कळत नाही.

अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफ याने हेच केले. श्रीमंतांच्या क्लबांत आणि धर्मादाय संस्थांत त्याच्याकडे पैसा ठेवायला मिळणे हाच मान समजला जाई. हॅरी मार्कोपोलोस हा विश्लेषक २००० सालापासून नियामकांना सावध करीत होता. कोणी ऐकले नाही. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफ पकडला गेला, तेव्हा खात्यांवर सुमारे ६,५०० कोटी डॉलर लिहिलेले होते, आणि एवढ्या पसाऱ्याचे हिशेब एक अगदी लहानशी पेढी तपासत होती. गुंतवणारे अडाणी नव्हते. दुसऱ्याने पाहिले असेल, असे प्रत्येकाने धरले होते.

इतके दूर जावयास नको. शेजारच्या बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमधला ठेवीदार कायद्याने सभासदच होता. २०२३ साली ठेवी अडकल्या. दोन हजार कोटींहून अधिक रक्कम चालकांच्याच कुटे समूहाकडे कर्जरूपाने वळवली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. म्हणून ‘व्याज किती’ याच्या आधी ‘कर्ज कोणाला’ हे विचारावे.

ओळखीवर उभे राहिलेले सचोटीचे धंदे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण जिनिंगमधला भागीदार वाटेल तेव्हा आवारात जाऊन गाठी मोजू शकतो. येथे गाठींच्या जागी काय आहे, ते पाहावयास मिळते का?

कागद तपासणे फारसे अवघड नाही. पेढी कंपनी असेल तर तिचे ताळेबंद कंपनी निबंधकाकडे असतात व थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. खाजगी रीतीने भाग विकताना एका वर्षात सर्वसाधारणपणे २०० हून अधिक लोकांना ते देऊ करता येत नाहीत. ‘आमचा फंड आहे’ असे म्हणत असतील, तर सेबीच्या यादीत नाव पाहावे. अशा फंडात सामान्य गुंतवणूकदाराला निदान १ कोटी घालावे लागतात, तेव्हा ५ लाखांत प्रवेश मिळाला तर तेथेच थांबावे. परवानगीवाचून लोकांकडून ठेवी गोळा करणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांना ‘भागीदारी’ किंवा ‘सभासद वर्गणी’ म्हटले म्हणून त्यांचे रूप बदलत नाही. हिशेबतपासनीस चालकाचा मेहुणा नाही ना, हेही विचारून घ्यावे. यात संकोच कसला?

आणि ज्यांचे पैसे आधीच गुंतले आहेत, त्यांनी भांडण न करता एक चतुर्थांश रक्कम परत मागावी. सबब सांगितली गेली, तर ती लेखी मागून घ्यावी.