कणगी जिच्या हाती, तिचेच ताट रिकामे का?



आज रात्री घरातली जेवणे उरकताना एवढे एकच पाहा. सगळ्यांच्या शेवटी जेवायला कोण बसले? आणि तिच्या ताटात काय पडले? बहुतेक घरांत तोपर्यंत कालवण संपलेले असते, दूध मुलांच्या वाटीत गेलेले असते आणि तव्यावरची शेवटची भाकरी चटणीशी खाऊन ती उठते. पहाटे चूल पेटवली ती हिनेच. दिवसभर खुरपे चालवले, वैरणीचा भारा आणला, धारा काढल्या त्याही हिनेच. घरातल्या सर्वांच्या पोटाची काळजी जिच्यावर, तिच्या पोटाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

तो हिशेब न ठेवल्याचा परिणाम काय होतो, हे आकड्यांतून दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ आहे. पाच वर्षांखालील दर १०० मुलांत सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी राहिलेली आहेत. आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळ पोटातच अशक्त राहते. म्हणजे शेवटच्या ताटाचा प्रश्न एकट्या आईपुरता राहत नाही, तो पुढच्या पिढीपर्यंत जातो.

पिकवते कोण, आणि नाव कोणाचे?

हे केवळ आपल्याच गावचे गाऱ्हाणे आहे असे समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली या विषयावर एक मोठा अहवाल काढला. विकसनशील देशांत शेतीवर राबणाऱ्या हातांपैकी सरासरी ४३ टक्के हात बायकांचे आहेत, असे त्यात सांगितले आहे. तरीही बाईच्या शेताचा उतारा पुरुषाच्या शेतापेक्षा कमी पडतो. याचे कारण तिचे कसब कमी, हे नव्हे. चांगली जमीन, वेळेवर कर्ज, खत, बी, अवजार आणि शेतीचे शिक्षण तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. हे सारे तिला पुरुषाइतके मिळाले तर तिच्या शेताचे उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातल्या उपाशी माणसांची संख्या १२ ते १७ टक्क्यांनी घटेल, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावे असलेली वहिते १०० त जेमतेम १४ भरली. राबायला घरातल्या सगळ्याजणी, आणि सातबाऱ्यावर मात्र एखादीच!

जहीराबादच्या बायकांनी काय केले

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की उमरगा, हुमनाबाद मागे टाकून जहीराबाद येते. माती लाल, हलकी, पाऊस बेभरवशाचा. या भागातल्या पस्तापूर व आजूबाजूच्या गावांत १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे काम सुरू झाले. गावोगाव बायकांचे संघ उभे राहिले. त्यांतल्या बहुतेक जणी दलित घरांतल्या, एक-दोन एकर हलक्या रानाच्या धनी किंवा मजूर.

त्याच साली आंध्रात दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची सरकारी योजना आली. त्याने पोटाला आधार झाला, पण या बायकांच्या ध्यानात दुसरीही गोष्ट आली. आपल्या रानात भात पिकत नाही. जी ज्वारी पिकते, ती दुकानात नाही. ज्वारी मागे पडली तशी रानेही पडीक पडू लागली आणि मजुरीही गेली.

मग १९९० नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःचेच धान्य दुकान काढले. पडीक रान नांगरायला, खत घालायला आणि पेरायला संघाकडून हप्त्याहप्त्याने कर्ज घ्यायचे. फेड मात्र पैशांत नव्हे, ज्वारीत. ती ज्वारी गावातच साठवायची आणि पावसाळ्यातल्या तंगीच्या दिवसांत गरीब घरांना स्वस्तात द्यायची. गावात गरीब कोण, हे बाहेरच्या साहेबाने ठरवले नाही. गाव एकत्र बसले आणि घराघराचा विचार करून यादी केली. पडीक रान पिकाखाली आले, हाताला काम मिळाले, गुरांना कडबा झाला आणि हाकेच्या अंतरावर धान्याची कणगी उभी राहिली. एका दगडात किती पक्षी, ते तुम्हीच मोजा.

त्यांच्या रानात एकटे पीक क्वचितच दिसते. ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ, राळा अशी पिके शेजारी शेजारी उभी असतात. पावसाने एकाला दगा दिला तर दुसरे हाती लागते, आणि भाकरीबरोबर डाळ, तेल, भाजी त्याच तुकड्यातून येते. बी राख व कडुलिंबाचा पाला घालून टोपल्यांत ठेवायचे, तोंड मातीने लिंपायचे, ही आपल्या आजीचीच रीत त्यांनी सोडली नाही. २००८ साली या बायकांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले आणि २०१९ साली त्यांच्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांचे हे काम आहे.

कोंभाळण्याचे बी

आता आपल्याच मातीतले उदाहरण. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. घरातली मुले वरचेवर आजारी का पडतात, याचा विचार करता करता त्या जुन्या गावठी वाणांकडे वळल्या. वाल, भात, नागली आणि भाजीपाल्याचे बी गोळा करत गेल्या. बाएफ संस्थेची साथ मिळाली आणि घरातल्या गाडग्या-मडक्यांतून बियाण्यांची बँक उभी राहिली. शंभरावर वाण त्यांनी जपले आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सन्मान मोठा खराच, पण आपण घ्यायचा धडा साधा आहे. गावठी वालाचे आणि भोपळ्याचे बी आपल्या घरात धरून ठेवले, तर परसबागेसाठी दरसाल पिशवी विकत आणावी लागत नाही. मात्र संकरित वाणाचे बी पुन्हा पेरून तसेच पीक येत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

परसातले औषध

भगिनींनो, जमीन थोडी असो की नसो, घरामागे गुंठा-अर्धा गुंठा जागा असतेच. मोरीचे पाणी वाया न घालवता केळ, अळू आणि पपईच्या बुडाशी सोडा. कुंपणाला शेवगा लावा. त्याचा पालाही शेंगेइतकाच मोलाचा आहे. मांडवावर दोडका, घेवडा, तोंडली चढवा. मेथी, पालक, चुका एकदम सगळा पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरला की भाजी एकदम येऊन सडत नाही, घराला रोज ताजी मिळते. तांदूळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानातल्या भाज्यांना कमी लेखू नका. त्या फुकट मिळतात म्हणून हलक्या ठरत नाहीत.

ताटाबद्दलही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. बाजरीतून लोह मिळते. म्हणून भाकरी सोडून नुसत्या पांढऱ्या भातावर येणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच. धान्यात जे कमी असते ते कडधान्य भरून काढते.

पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा आवळा खा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्या.

बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या आणि सहा महिने फक्त आईचे दूध द्या, वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिने पुरे झाले की मऊ वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेली भाजी सुरू करा. इथे उशीर झाला की बाळ मागे पडते, ते पुढे भरून निघणे अवघड जाते.

आता दोन शब्द बंधूंशी

हे सारे वाचून "बायकोला आणखी कामाला लावा" असा अर्थ कृपा करून काढू नका. परसबागेला पाणी घालणे, बाळाला भरवणे, दळण आणणे ही कामे पुरुषाने केल्याने कमीपणा येत नाही. राबणारे दोन हात तिचे असतील तर मालकीतही तिचा हात असायला हवा.

१९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावातल्या १०० शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे केला की ते लक्ष्मीमुक्त गाव. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. २००५ सालच्या कायद्याने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही आणि घरधनी गेल्यावर भावकीच्या दारात उभे राहावे लागते. असे प्रसंग कोणत्या गावात घडले नाहीत, सांगा!

तलाठी कार्यालयात जाऊन या नोंदीची चौकशी करायला एक सकाळ पुरते. आणि तोवर, आज रात्रीच, एक गोष्ट करता येईल. सगळी ताटे एकदम वाढा, तिचेही त्यांच्या बरोबरीने. कालवण कमी असेल तर सर्वांना थोडे कमी येऊ द्या. भाकऱ्या आधी करून ठेवल्या तर थोड्या गार होतील, एवढेच. त्याने काही बिघडत नाही.