कृत्रिम हिरवळ : वऱ्हाडच्या मातीत आणि उन्हात

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी वसलेले ऐतिहासिक गाव. येथील भुईकोट किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. लोकांनी चार घटका एकत्र बसावे, ही कल्पना या भूमीला नवी नाही. गावोगावचे पार, देवळांचे सभामंडप आणि नदीचे घाट हीच आपली पूर्वापार सभागृहे होत. आता त्यांच्या जोडीला उद्याने, समाजमंदिरांची प्रांगणे आणि जलतरण तलाव आले आहेत. या जागांवर कृत्रिम हिरवळ अंथरण्याची मागणी अनेक ठिकाणी होताना दिसते. ती मान्य करण्यापूर्वी हे साधन काय आहे आणि ते आपल्या हवामानाला कितपत मानवते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मैदानातून अंगणात

कृत्रिम हिरवळीला प्रथम प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत. ह्यूस्टन येथील छताखालच्या क्रीडागृहात नैसर्गिक गवत जगेना, म्हणून १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत बसविण्यात आले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच अशा मैदानावर झाले. पुढे नायलॉनऐवजी अधिक मऊ अशा पॉलिथिलीनच्या पात्यांचा वापर वाढला आणि हे गवत मैदानातून अंगणात आले. पाती, ती ज्यात विणलेली असतात ते अस्तर आणि पाती उभी राहावीत म्हणून पसरलेली वाळू, अशी त्याची साधी रचना असते. पाण्याचा निचरा व्हावा यासाठी अस्तराला छिद्रे ठेवलेली असतात.

आकर्षणाचे कारण

वऱ्हाडात या साधनाचे आकर्षण वाटावे, याला सबळ कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असून गोडे पाणी मोलाचे आहे. पिण्याच्या पाण्याची जेथे ओढ, तेथे हिरवळीला रोज पाणी घालणे परवडणारे नव्हे. कृत्रिम हिरवळीला सिंचन, कापणी आणि खत लागत नाही, तसेच पावसाळ्यात तिच्यावर चिखलही होत नाही.

उष्णतेचा प्रश्न

परंतु अकोल्याचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. जिवंत गवत बाष्पोत्सर्जनाने स्वतः थंड राहते, तर प्लास्टिकची पाती केवळ तापत जातात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ च्या सुमारास झालेल्या मोजणीत हवेचे तापमान सुमारे ३७ अंश असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. पाणी शिंपडल्यावर तो निवला खरा, पण वीस मिनिटांत पुन्हा ७० अंशांपलीकडे गेला. जलतरण तलावाभोवती मुले अनवाणीच चालतात. उघड्या उन्हातील अशी हिरवळ त्यांच्या तळपायांना भाजू शकते. म्हणून ती अंथरायचीच असेल, तर छपराखाली किंवा झाडांच्या दाट सावलीतच अंथरावी.

पाया महत्त्वाचा

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट अंथरलेली हिरवळ थोड्याच अवधीत उंचसखल होते आणि तिचे सांधे उकलतात. यासाठी काळ्या मातीचा वरचा थर काढून मुरूम भरावा, त्यावर खडीचा थर देऊन रोलरने दाबावा आणि वर बारीक कचेचा पातळ थर पसरावा. मातीचा थर किती खोल काढायचा, हे अभियंत्याने मातीची तपासणी करून ठरवावे. पृष्ठभागास शंभरास एक ते दोन असा उतार असावा. तलावाजवळ हा उतार नेहमी तलावापासून दूर जाणारा ठेवावा, म्हणजे घाण पाणी तलावात उतरणार नाही. तेथे सुटी वाळू शक्यतो टाळावी, कारण ती पाण्यात जाऊन गाळणयंत्र तुंबविते. पट्ट्यांचे सांधे खालून पट्टी व गोंद लावून पक्के करावेत आणि कडा दगडी किनारीत अडकवाव्यात.

खर्च एकदाच नव्हे

एकदा बसविले की काम संपले, हा समज चुकीचा आहे. धूळ झाडणे, पाती विंचरणे आणि सावलीत साचणारे शेवाळ धुऊन काढणे ही कामे नित्याची आहेत. सार्वजनिक कार्यक्रमातील समई, उदबत्ती किंवा फटाक्याची एक ठिणगीही पाती वितळविते. प्रखर उन्हात साधारणतः आठ-दहा वर्षांत हिरवळ बदलावी लागते आणि मग जुन्या प्लास्टिकची विल्हेवाट हा नवाच प्रश्न उभा राहतो. झिजलेले कण पावसाबरोबर नाल्यात व नदीत जातात. अशा कणांच्या चिंतेमुळेच युरोपीय संघाने २०२३ मध्ये मैदानांवर पसरल्या जाणाऱ्या प्लास्टिक-रबरी कणांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी लागू करण्याचा नियम केला.

पर्याय आणि निर्णय

यास पर्याय नाहीत असे नाही. हरळी बऱ्याच अंशी खारटपणा सोसते आणि थोड्या पाण्यावर तग धरते. बैठकीच्या जागी कडुनिंब किंवा वडाची सावली, खाली दाबलेला मुरूम अथवा खडबडीत फरशी आणि भोवती हरळीचा पट्टा, ही योजना कमी खर्चात दीर्घकाळ टिकते. केंद्र संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून पुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. त्यामुळे ऐतिहासिक वास्तूंजवळील कोणत्याही कामापूर्वी पुरातत्त्व विभागाशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे.

ग्रामपंचायत वा नगरपरिषदेने असा प्रस्ताव मंजूर करताना तीन गोष्टी पाहाव्यात : जागेवर दुपारी सावली आहे काय, खालच्या पायाची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय आणि दरवर्षीच्या देखभालीचा तसेच शेवटी हिरवळ काढून टाकण्याचा खर्च कोण सोसणार. शाळेच्या आवारात काम असल्यास शिक्षकांचे मत अवश्य घ्यावे, कारण भर दुपारी तेथे वावरणारी मुले त्यांच्याच देखरेखीखाली असतात. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर कृत्रिम हिरवळ उपयुक्त ठरेल. ती न मिळाल्यास तोच निधी झाडे लावण्यात आणि जगविण्यात घालणे अधिक हितावह होय.